न बोलावलेली माणसं आणि एक ट्राउट

सुरुवात कोंबड्यापासून झाली.

जुलै नुकता लागला होता. रायना स्वयंपाकघरात जर्दाळूच्या मुरंब्याशी झटापट करत होती, तेवढ्यात इलिया बाजारातून आला. बगलेत एक म्हातारा, लाल डोळ्यांचा, कमालीचा उर्मट कोंबडा होता. इलियाने तो टेबलावर ठेवला. कोंबड्याने मुरंब्याकडे पाहिलं, रायनाकडे पाहिलं आणि टेबलावरच आपलं काम उरकलं.

"नामदिनासाठी घेतला," इलिया म्हणाला. "तोपर्यंत बाल्कनीत राहील."

"कापणार कोण?"

"तू."

"सोलणार कोण?"

"तू. म्हणजे, आपण."

"आपण म्हणजे कोण रे इलिया? मी आणि कोंबडा?"

इथे रायनाची बाजू समजून घ्यायला हवी. वीस जुलै हा संत इलियाचा दिवस, म्हणजे जगातल्या तमाम इलियांचा नामदिन. वाढदिवसाला निदान आमंत्रण तरी लागतं. नामदिनाला कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याच्या लक्षात असेल तो येतो, आणि रायनाच्या दुर्दैवाने समोकोव गावातली एकूण एक माणसं या एका बाबतीत हुशार होती. पाहुण्याने फुलं आणायची, बाटली आणायची, चॉकलेटचा डबा आणायचा आणि भुकेलं पोट आणायचं. बाकी सगळं घरच्या बाईने करायचं. लग्न झाल्यापासून दर वीस जुलैला रायना पहाटे उठून द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळायला बसे आणि रात्री शेवटचा पाहुणा जिन्यात गाणं म्हणत उतरला की खुर्चीत पडे. खुर्ची तेव्हाच रिकामी होई.

आणि हे फक्त नामदिनाचं झालं. मासे अजून राहिलेच.

इलिया दर उन्हाळ्यात मित्राबरोबर, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या पेंचोबरोबर, रिला पर्वतातल्या वरच्या तळ्यांवर जाई. दोन दिवसांनी दाढी वाढवून, घामेजून, पाच किलो ट्राउट घेऊन परत येई. ते साफ करायचे रायनाने, तळायचे रायनाने. पुरुषमंडळी टेबलाशी बसून कोणता मासा किती लढला ते सांगत आणि गरम गरम खात. रायनाच्या वाट्याला शेपटीकडचा तुकडा येई, गार झालेला, ओट्याशी उभ्याने खायचा. आणि दर वेळी इलिया पहिला घास तोंडात घोळवून, डोळे मिटून, न्यायाधीशासारखा निकाल देई, "मीठ जरा कमी आहे."

मलाही ने, असं ती लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात म्हणाली होती. "ते बाईमाणसाचं काम नाही, रायने. चढ आहे. अस्वलं आहेत." पुढे तिने विचारणं सोडलं. पण आजोबांच्या गिरणीमागचा ओढा ती विसरली नव्हती. परकर खोचून, गुडघाभर बर्फगार पाण्यात, दगडाखाली हळूच हात सरकवायचा. बोटांना आधी गुळगुळीत पोट लागे, मग एकदम सगळा हात जिवंत झाल्यासारखा थरथरे. ठिपक्याठिपक्यांचा तो मासा उन्हात धरला की आजोबा ओरडत, "शाब्बास गं पोरी!" लग्नानंतर तिच्या हातात आले ते सगळे ट्राउट मेलेले.

हे सगळं त्या कोंबड्याने तिच्या डोक्यात एका क्षणात गोळा केलं.

"वीस तारखेला मी घरी नाही," ती टेबल पुसत म्हणाली. "मी तळ्यावर जाणार. मासा पकडणार. तिथेच बसून गरम गरम खाणार. तंबूत झोपणार."

"कोणत्या तळ्यावर?"

"तुझ्या."

इलियाचा चेहरा असा उतरला की क्षणभर तिला त्याची दया आली. आपला नवरा आपल्या काळजीने व्याकूळ झाला, असं तिला वाटलं. माणूस रागात असला की त्याला काय वाटेल याचा नेम नसतो.

"पण माणसं येतील!" इलिया म्हणाला. "त्यांना सांगायला हवं, येऊ नका म्हणून."

"सांग की."

इलिया विचारात पडला. आणि खरोखर, हा साधा प्रश्न नव्हता. ज्याला बोलावलंच नाही त्याला येऊ नका असं सांगायचं कसं? तो म्हणणार, 'मी कुठे येणार होतो?' आणि जन्मभर बोलणार नाही. न सांगावं, तर फुलं घेऊन बंद दाराशी उभा राहणार आणि तरीही जन्मभर बोलणार नाही.

"मग मी घरी थांबतो," इलिया म्हणाला.

"थांब ना. चाळीस माणसांना जेवू घाल. मिठाचा डबा कुठे असतो, माहीत आहे?"

इलियाने स्वयंपाकघरभर नजर फिरवली. तो तिच्याबरोबर यायला तयार झाला.

कोणाला काही कळू द्यायचं नाही, असं ठरलं. पण तंबू नव्हता, आणि गळ, दोरी वगैरे 'सामान' पेंचोकडे असे. म्हणून पहिल्यांदा पेंचोला कळलं.

"वीस तारखेला? तळ्यावर?" पेंचोने इलियाकडे पाहिलं, इलियाने छताकडे. "वहिनी, ट्राउट मोठा नाजूक जीव. बाईचा आवाज ऐकला की तळाला जातो."

"तुमची बायको बोलायला लागली की तुम्हीही तळघरात जाता पेंचोभाऊ. म्हणून काय तुम्हाला नाजूक म्हणायचं?"

पेंचोने तंबू दिला. पेंचो सैन्यातून निवृत्त होताना तंबूही त्याच्याबरोबर निवृत्त झाला होता. एक अख्खी तुकडी त्यात मावत असे आणि तो उचलायलाही बहुधा एक तुकडीच लागत असे. याहून लहान नाही का, असं रायनाने विचारल्यावर पेंचो डोळा मिचकावून म्हणाला, "मोठाच न्या. लागेल." या डोळा मिचकावण्याचा तिला राग आला, पण अर्थ विचारायचं तिने टाळलं. तिथेच चुकलं.

कोंबडा समोरच्या गांकाकडे ठेवायचा होता, म्हणून गांकाला कळलं. गांका विधवा, एकटी, आणि न विचारता सल्ला देण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"अस्वल आलं तर झाकणं वाजव. विजा झाल्या तर झाडाखाली उभी राहू नकोस. संत इलियाचा दिवस आहे, वर आभाळात त्याचा रथ निघतो, गडगडणारच. आणि लोकरीची चड्डी ने."

"जुलै आहे, गांकाताई."

"खाली जुलै आहे. वर काय आहे ते मला विचार."

"तुम्ही गेलाय वर?"

"मी कशाला जाऊ? मला इथूनच कळतं." मग तिने आवाज खाली आणला. "बाकी कल्पना छान आहे हो. दर वर्षी त्या जिन्यात गर्दी होते. बूट कुठे काढावे कळत नाही."

रायनाला हे वाक्य जरा चमत्कारिक वाटलं. पण तेवढ्यात कोंबड्याने गांकाच्या पायाला चोच मारली आणि विषय बदलला.

मग परवान्याचं प्रकरण. मासेमारीच्या कचेरीत काचेमागे देनेवाबाई बसत. चष्मा नाकाच्या टोकावर, समोर कॉफी, शेजारी 'कॉफीची वेळ' अशी पाटी.

"वरच्या तळ्यात मासे धरायला परवानगी आहे," देनेवाबाई म्हणाल्या. "पण तिथे तंबू लावता येणार नाही."

"मग खालच्या तळ्याशी लावू."

"खाली तंबू चालेल. मासे धरायचे नाहीत."

"म्हणजे मासा वर धरायचा आणि झोपायचं खाली?"

"बरोबर."

"आणि तळायचा कुठे? वाटेत?"

"तळण्याचं खातं वेगळं आहे," देनेवाबाई जराही न हसता म्हणाल्या. "आणि ते दुपारी बंद असतं."

रायनाचा चढलेला आवाज ऐकून रांगेतले लोक पुढे सरकले, कारण अशी करमणूक रोज होत नाही. आपण आयुष्यभर मुलांना भूगोल शिकवला, हे डोंगर आपण फळ्यावर काढले, आणि आता त्याच डोंगरावर एक मासा पकडायला आपल्याला वर-खाली करायला लावता, लाज वाटत नाही का, असं बरंच काही ती म्हणाली. देनेवाबाई शांतपणे कॉफी पीत राहिल्या.

"कोणत्या तारखेचा हवाय?"

"वीस जुलै."

देनेवाबाईंचा हात थांबला. चष्म्यावरून त्यांनी पहिल्यांदा रायनाकडे नीट पाहिलं. "अरे हो! इलियाचा नामदिन! म्हणजे यंदा वर का?" आणि त्यांनी धडाधड शिक्के मारले. रांगेत कोणीतरी कोणाच्या तरी कानात काहीतरी बोललं.

आपण ठणकावून बोललो म्हणून काम झालं, अशा समाधानात रायना घरी आली.

वीस जुलैला सकाळी दोघं बसने शेवटच्या थांब्यावर उतरली. तंबू इलियाच्या पाठीवर होता. मागून पाहणाऱ्याला एक तंबू स्वतःच्या पायांनी निघालाय असंच वाटलं असतं. रायनाकडे तंबूच्या काठ्या, गळ, गॅसची शेगडी, तवा, झारा, तेल, मीठ, पीठ, पाव, टोमॅटो, पांढरं चीज आणि लोकरीची चड्डी. गांकाच्या भीतीने नव्हे, उगाच आपली.

रस्ता संपतो तिथे एक विसाव्याचं घर आहे. खाली खाणावळ, वर खोल्या. मागे सिमेंटचे चौकोनी हौद, आणि त्यात माशांची ही दाटी. रायना पाणी प्यायला थांबली. इलिया म्हणाला, "चल चल, उशीर होतोय," आणि पाणी न पिताच पुढे निघाला. तंबू पाठीवर असूनही त्याला एवढी घाई कसली, हे तिला कळेना.

तेवढ्यात हौदाशी जाळी घेऊन उभ्या असलेल्या मिशाळ माणसाने हात उंचावला.

"इलिया! अरे, यंदा लवकर? वरची खोली झाडून ठेवू का? आणि नेहमीचंच ना? पाच किलो?"

डोंगर शांत होता. हौदात मासे वळवळत होते. तंबू दोन पावलं मागे सरकला.

"नेहमीचंच?" रायना म्हणाली.

"अगं, तो मला दुसऱ्या कोणाशी तरी..."

"पाच किलो?"

"वहिनी असाल तुम्ही!" मिशाळ माणूस आनंदाने पुढे आला. "तुमचं फार ऐकलंय. ही दोघं दोन दोन दिवस इथे पत्ते कुटतात ना, तेव्हा सारखं तुमचंच नाव. म्हणतात, मासे तळावे तर रायनाने. फक्त मीठ जरा कमी घालते."

घसा फाडून ओरडायला माणसाकडे थोडीशी तरी आशा शिल्लक लागते. एवढी वर्षं खवले काढले. 'हा बघ, हा माझ्याशी अर्धा तास लढला,' असं म्हणून दाखवलेल्या माशाचं डोकं तिने हळुवार कापलं होतं, लढवय्या म्हणून. आणि तो लढला कोणाशी होता? जाळीशी!

तिने पिशवी खांद्यावर चढवली आणि ती वाटेला लागली.

"रायने, थांब! रस्ता चुकशील!"

ती वळली. "तुला माहीत आहे का रस्ता?"

इलियाने वर पाहिलं. डोंगरात तीन वाटा जात होत्या. "नाही," तो म्हणाला.

चढ खरोखरच होता. तेवढं एक इलिया खरं बोलला होता, अर्थात ऐकीव माहितीवर. रायना रागाने चढत होती आणि राग हे उत्तम इंधन आहे. थांबायची वेळ आली की तिला 'अर्धा तास लढला' आठवे आणि पाय आपोआप उचलले जात. इलिया खूप मागे राहिला होता. मध्येच तो दिसेनासाही झाला. पण तिने वाट पाहिली नाही. खालच्या तळ्याशी तिने तंबूच्या काठ्या टाकल्या, टेकायला एक तेवढी हाती ठेवली आणि ती तशीच वर चढत राहिली.

आणि मग डोंगराच्या एका खांद्यावरून ती पलीकडे आली, तर वरचं तळं समोर पसरलेलं. काळंभोर पाणी, कडेला बर्फाचा मळकट पट्टा, आणि पाण्यावर मध्येच एक वर्तुळ उठलं, पसरलं, विरलं. मासा! ती कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. फळ्यावर हे तळं ती निळ्या खडूने काढत असे. बदामाएवढं.

तिने पेंचोच्या गळाची काठी काढली. ती पहिल्याच झटक्यात मधोमध मोडली. त्या काठीने कधी पाणी पाहिलंच नव्हतं. तिने दोरी सोडवून तंबूच्या काठीला बांधली. गळाला पाव लावला, पाव विरघळला. चीज लावलं, ते कोणीतरी सभ्यपणे काढून नेलं. दोरी तिच्या टोपीत, मग केसांत, मग खुरट्या पाइनमध्ये अडकली. पाय घसरून ती पाण्यात बसली आणि लोकरीची चड्डी पिशवीतून बाहेर आली. गांकाला हे कधीही कळू द्यायचं नाही, असं तिने ओलेत्यानेच ठरवलं.

शेवटी तिने गवतातला एक टोळ धरला. आजोबा टोळ लावत. तो पाण्यावर पडला, थरथरला, आणि खालून एक सावली आली.

काठीतून तो धक्का सरळ खांद्यापर्यंत पोचला. तिने खेचलं नाही, मागे मागे चालत गेली, आणि मासा काठावर उडाला तेव्हा काठी टाकून दोन्ही हातांनी त्याच्यावर पडली. तळहातात तीच थरथर. जशीच्या तशी. इतक्या वर्षांत फक्त हात म्हातारे झाले होते.

"शाब्बास गं पोरी," ती स्वतःशीच म्हणाली, कारण म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

मग ती कायद्याने वागून मासा घेऊन खालच्या तळ्यापाशी उतरली. इलिया तिथे पोचला होता आणि उरलेल्या काठ्यांवर त्याने तंबू कसाबसा उभा केला होता. तंबू एका बाजूला गुडघे टेकून बसला होता. इलियाची पिशवी मात्र सकाळपेक्षा फुगलेली, आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

"ते काय आहे?"

"कुठे काय?"

"इलिया."

"पाच किलो," इलिया म्हणाला. "म्हटलं, तुला काही मिळालं नाही तर यातला एक गुपचूप गळाला लावून ठेवावा. तुला बरं वाटेल."

रायना तोंड उघडणार, इतक्यात कोंबडा आरवला.

दोघांनी वाटेकडे पाहिलं. चढावरून माणसं येत होती. पुढे पेंचो, कोट-टाय घालून, हातात फळांच्या दारूची बाटली. मागे त्याची बायको. त्यांच्यामागे गांका, काखेत कोंबडा. देनेवाबाई उंच टाचांचे बूट हातात घेऊन अनवाणी, दुसऱ्या हातात शुभ म्हणून विषम संख्येत मोजून आणलेली कार्नेशनची फुलं. त्यांच्यामागे परवान्याच्या रांगेतले लोक, मासेमारीच्या कचेरीतले लोक, इलियाच्या जुन्या कारखान्यातले लोक. सगळ्यांच्या हातात फुलं, बाटल्या आणि चॉकलेटचे डबे.

"नाव चिरायू होवो, इलिया!" पेंचो ओरडला.

"काय जागा शोधलीत!" गांका धापा टाकत म्हणाली. "याला एकट्याला घरी कसा ठेवणार, म्हणून आणला. तसाही आजच कापायचा होता ना?"

"तुम्हाला कोणी बोलावलं?" रायना म्हणाली.

सगळे हसले. नामदिनाला यापेक्षा चांगला विनोद कोण करणार? मग हसणं थांबलं, आणि त्या सगळ्यांनी एकदमच इकडेतिकडे पाहिलं. रायनाला ती नजर पाठ होती. टेबल कुठे आहे, असं विचारणारी.

"भूक काय लागलीय!" देनेवाबाई म्हणाल्या. "या हवेत तर बाई..."

रायनाच्या हातात तिचा मासा होता. तिने त्या गर्दीकडे पाहिलं. तिचे हात सवयीने एप्रनला पुसायला निघाले, पण तो तिने आज बांधला नव्हता. हात तसेच परत आले.

"ही इलियाची पिशवी," ती म्हणाली. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा आवाज तळ्याच्या पलीकडे जाऊन परत आला. "हिच्यात पाच किलो ट्राउट आहेत. खालच्या हौदातले. इतकी वर्षं माझ्या घरी तुम्ही जे खाल्ले, तेच. ते तळ्यात लढले नव्हते, जाळीत सापडले होते. पेंचोभाऊ, तुम्ही कुठे निघालात? थांबा. मासे साफ करायला दोन माणसं लागतील."

पेंचोच्या बायकोने पेंचोकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन न केलेलंच बरं. पेंचोने कोट काढला, बाह्या वर केल्या आणि तो पाण्याकडे गेला. टाय मात्र राहिला. पुढे साफ करताना तो चिरलेल्या माशांच्या पोटात गेला.

"आणि तळणार कोण?" इलियाने बारीक आवाजात विचारलं.

"ज्याचा नामदिन आहे तो. आधी हा तळायचा." तिने आपला मासा त्याच्या हातात दिला. "हा माझा आहे. यातला घास कोणालाही मिळणार नाही."

ती एका सपाट दगडावर बसली. बसली! गांकाने ते पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही सल्ला न देता तिच्या शेजारी बसली. कोंबडा दोघींच्या मध्ये.

इलियाने शेगडी पेटवायला बरीच धडपड केली, तेलाने बोट भाजून घेतलं, मासा एका बाजूने चिकटवला, दुसऱ्या बाजूने सोडवताना त्याची शेपटी मोडली. सगळी मंडळी फुलं हातात धरून भुकेल्या पोटी गोल उभी राहून पाहत होती. वर आभाळ काळं होत होतं आणि कुठेतरी दूरवर संत इलियाच्या रथाची चाकं खडखडायला लागली होती. पण तंबूत कोणी गेलं नाही.

इलियाने ताटली आणून तिच्या मांडीवर ठेवली. मासा एका बाजूने काळा, एका बाजूने कच्चट, पण गरम होता. वाफ येत होती. रायनाने बोटांनी तुकडा मोडला. पावसाचा पहिला थेंब ताटलीत पडला. तिने तो तुकडा तोंडात घातला, सावकाश घोळवला, डोळे मिटले.

"कसा झालाय?" इलियाने विचारलं. हातात झारा, कपाळावर पीठ.

रायनाने घास गिळला. दुसरा तुकडा मोडला.

"मीठ जरा कमी आहे," ती म्हणाली.